पिशवीवाला लांडगा, बुलबुल आणि नऊ नंबरचा कॅम

बंद पडलेल्या मॉडेलचे सुटे भाग बनवायचे, हा माझा धंदा. कंपनी एखादं मशीन बनवायचं थांबवते, पण म्हणून ते मशीन लगेच मरत नाही. कुठल्या तरी तालुक्याच्या गावी ते पुढे वीस-पंचवीस वर्षं चालत राहतं आणि एक दिवस त्यातला तळहाताएवढा तुकडा झिजतो. मालक कंपनीला फोन करतो, कंपनी म्हणते, ते मॉडेल आम्ही कधीच बंद केलं. मग त्याला कोणीतरी माझा नंबर देतं. आमच्या बोलण्यात अशा मालाला बंद आयटम म्हणतात आणि रोज सगळीकडे मिळणाऱ्या मालाला चालू आयटम. चालू आयटमसाठी गिऱ्हाईक चार दुकानं फिरतं, नाक मुरडतं, घासाघीस करतं. बंद आयटमच्या वेळी ते एवढंच विचारतं, की कधी मिळेल. या एका फरकावर मी जुन्नरकडच्या खेड्यातून येऊन चाकणच्या रस्त्याला स्वतःची शेड उभी केली. माझ्यावर कोणाचे उपकार नाहीत, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना ऐकवत आलो.

माझी मुलगी मोशीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी ती शेडमध्ये आली. शाळेच्या प्रदर्शनासाठी तिला लोखंडी चौकटीत फिरणारी एक पाटी हवी होती. पाटीच्या एका अंगाला जगातून नाहीसा झालेला प्राणी, दुसऱ्या अंगाला रोज दिसणारा गाणारा पक्षी. मुलांनी पाटी फिरवून दोघांची तुलना करायची आणि फरक लिहायचे. बेअरिंग लावून देतो म्हटलं, बोटाने फिरेल. मग विचारलं, प्राणी कुठला. तिने मोबाइल काढला.

जुनी, काळीपांढरी, आवाज नसलेली फिल्म होती. जाळीच्या पिंजऱ्यात एक जनावर इकडून तिकडे जात होतं, वळत होतं, परत येत होतं. तोंड कुत्र्याचं, पाठीच्या मागच्या भागावर वाघासारखे पट्टे. शेपूट मात्र पाइपासारखं ताठ आणि मुळाशी जाड, कुत्र्याचं म्हणता येणार नाही असं. ऑस्ट्रेलियाच्या खाली टास्मानिया नावाचं बेट आहे, तिथला हा लांडगा. म्हणायला लांडगा, पण जात कांगारूची. पोटाला पिशवी, आणि तीही मागच्या बाजूने उघडणारी. मी म्हटलं, हे डिझाइन चुकलंय, धावताना माल मागून सांडेल. मुलगी म्हणाली, झुडपातून धावताना पिशवीत काटेकुटे शिरायला नकोत म्हणून तसं असावं. हे मला पटलं. बनवणाऱ्याने काम बघून तोंड ठेवलं होतं.

फिल्ममध्ये एकदा त्याने जबडा उघडला. इतका उघडला, की मला वाटलं आता फाटणार. मुलीने सांगितलं, ही झोपेची जांभई नव्हे, चिडला की तो असं करायचा. मी विचारलं, मग ओरडायचा कसा? ते कोणालाच माहीत नाही, ती म्हणाली. आवाज टिपलेलाच नाही. ज्यांनी ऐकला त्यांनी लिहून ठेवलंय, पण एकाचं लिहिलेलं दुसऱ्याशी जुळत नाही.

पाटीच्या दुसऱ्या अंगाला तिने बुलबुल घेतला होता. मला हसू आलं. बाहेर कॉम्प्रेसरच्या पाइपवर एक बुलबुल त्याच वेळी बसलेला होता, डोक्यावर तुरा, बुडाखाली लाल, आणि त्याचं रोजचं चाललं होतं. मी म्हटलं, याला कोण बघायला येणार? लांडगा आहे बंद आयटम, त्याला मान आहे. हा चालू माल. आणि वर चोर. आमच्या जुन्नरकडे द्राक्षाच्या बागेत थाळ्या वाजवून हाकलतात याला, बागांवर जाळ्या टाकतात. तरी घडाला टोचे मारून जातोच.

"बाबा, तो लांडगाही एके काळी चालू आयटमच होता," मुलगी म्हणाली. "लोकांना त्याचा कंटाळा येण्याइतका होता."

मग तिने पुढचं सांगितलं. त्या बेटावर गोऱ्या लोकांनी मेंढ्या आणल्या. मेंढ्या मरू लागल्या. मोकाट कुत्री होती, चोऱ्या होत्या, धनगरकी ज्यांना जमत नव्हती असे मालक होते. पण दोष पट्ट्यांच्या लांडग्यावर आला. सरकारने एकेका मारलेल्या लांडग्यामागे बक्षीस लावलं. तोंडात कोंबडी धरलेला त्याचा एक फोटो लोकांनी पुष्कळ वर्षं पाहिला. आता काही जाणकार म्हणतात, की त्यातला लांडगा पेंढा भरलेला होता आणि फोटोसाठी तसा उभा केला होता. त्याचा जबडा तपासणाऱ्यांचं म्हणणं, की मोठी मेंढी पाडण्याइतकी ताकद त्यात नव्हतीच. शेवटी त्याला मारू नये असा कायदा झाला. कायदा झाल्यानंतर दोन महिन्यांच्या आत शेवटचा लांडगा त्या पिंजऱ्यात मेला. गारठ्याच्या रात्री त्याला आतल्या खोलीत घ्यायचं राहून गेलं, असं सांगतात.

"म्हणजे चौकशी कोणी केलीच नाही?" मी विचारलं.

"झाली की. मेल्यावर."

माझा आवाज चढला. मी म्हटलं, ज्याच्यावर आळ येतो त्याने काहीतरी बोलायला नको का? गप्प राहिलं तर समोरच्याने काय समजायचं?

मुलीने माझ्याकडे बघितलं. "बाबा, तो प्राणी होता," ती म्हणाली.

मी प्राण्याबद्दल बोलत नव्हतो, हे तिला कळलं असावं. ती लहान असल्यापासून घरात हे भांडण ऐकत आली होती.

सुरुवातीला माझा एक भागीदार होता, देहूरोडचा. त्याचे वडील लष्कराच्या कारखान्यात फिटर होते, आणि लोखंडाला हात कसा लावायचा हे तो चालायला लागल्यापासून शिकला होता. मी त्याला भाई म्हणायचो. तो मला राव म्हणायचा आणि चिडवायचं असलं की शेठ. दापोडीत रेल्वेच्या कडेला भाड्याच्या गाळ्यात एका जुन्या लेथवर आम्ही सुरू केलं आणि तेरा वर्षं बरोबर काढली. तोंड माझं, हात त्याचे, अशी वाटणी होती. गिऱ्हाइकाशी बोलताना तो शेजारी नुसता उभा राहायचा. माझा एक नियम होता, की सौद्यात पहिलं तोंड आपण उघडायचं नाही, समोरच्याला बोलू द्यायचं. भाईला हे शिकवावं लागलं नाही. त्याला गप्प राहणं जन्मतःच येत होतं.

आमचं नाव झालं ते एका कॅममुळे. कॅम म्हणजे पोळीसारखा चपटा, पण गोल नसलेला लोखंडी तुकडा. तो फिरतो आणि त्याच्या कडेच्या उंचवट्यांप्रमाणे मशीनचा हात वर-खाली होतो. बाटल्यांना बूच बसवणारं एक जुनं मशीन होतं, कंपनीने बंद केलेलं. त्यातल्या कॅमची कड कशी असावी, याचा कागद कोणाकडेच नव्हता. जे नमुने यायचे ते झिजलेले. भाईने दोन महिने कानस मारून, लावून बघून, काढून, पुन्हा कानस मारून ती कड शोधून काढली. महाराष्ट्रात तो कॅम फक्त आमच्याकडे मिळायचा.

त्याची एक सवय मला त्रासदायक वाटायची. बिघडलेला नग तो अख्खा भंगारात जाऊ द्यायचा नाही. गॅस कटरने मधोमध कापायचा, मग टाकायचा. कारखान्यात हीच रीत असते; नाहीतर बाद झालेला नग कोणीतरी उचलतो आणि चांगला म्हणून विकतो किंवा त्यावरून नक्कल करतो. पण आमच्या दहा-बारा नगांसाठी गॅस जाळणं मला पटत नसे. यावरून मी त्याला पुष्कळ बोललो आहे. तो ऐकून घ्यायचा आणि कापायचा.

आम्ही बरोबर काढलेल्या शेवटच्या उन्हाळ्यात बुलबुलाच्या एका जोडीने त्याच्या लेथवरच्या ट्यूबलाइटच्या पट्टीवर घरटं केलं. भाईने ती ट्यूब लावायची बंद केली. अंड्यांच्या इतक्या जवळ ती पट्टी तापते, पिल्लं भाजतील, असं त्याचं म्हणणं. बाजूला एक हातबत्ती टांगून तो काम करायचा. त्यातच कॅमची एक लॉट बाद झाली. कड अगदी बरोबर होती, पण मधलं भोक केसभर मोठं झालं होतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, पाखरांपायी धंदा बुडवणार तू. तो म्हणाला, "भोक मोठं झालं ते बत्तीमुळे नाही, राव. तू मागे उभा राहून घाई करतोस त्यामुळे." कामगार हसले. मला ते हसणं लागलं.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी भोसरीतल्या एका शेडवाल्याने तोच कॅम बाजारात आणला. मी एक नग मागवून आमच्या नगावर ठेवून बघितला. कडेला कड मिळाली. दोन महिन्यांची मेहनत कोणीतरी उचलून नेली होती, आणि ती कड माझ्याशिवाय एकाच माणसाला माहीत होती. तरी मी चार दिवस थांबलो. पाचव्या दिवशी भोसरीतून जाताना त्या शेडवाल्याच्या दारात मला भाईची स्कूटर उभी दिसली.

तो गाळ्यावर परत आला तेव्हा पाच कामगार होते आणि सोलापूरचं एक गिऱ्हाईक चहा पीत बसलं होतं. मी कोणाचीही पर्वा केली नाही. मी त्याला चोर म्हणालो. एकदा म्हणून थांबलो नाही. तो दारात उभा राहून ऐकत होता.

"विचार करून बोल, शेठ," तो म्हणाला. बाकी काही नाही. स्वतःच्या कानशी आणि मायक्रोमीटर पेटीत घातला आणि निघून गेला.

आठवड्याने त्याचे वडील आले. पांढरा शर्ट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. उभ्यानेच म्हणाले, "माझ्या मुलाने काय घेतलंय ते सांगा, मी आणून देतो." मी म्हटलं, ते परत आणून देता येण्यासारखं नाही. त्यांना मी बसा म्हटलं नाही, पाणीही विचारलं नाही. त्यांनी गाळ्यातल्या माणसांकडे एकदा बघितलं आणि गेले. त्या वेळी मला त्याचं काही वाटलं नाही. उलट मी पुढे हेच लोकांना सांगत राहिलो, की बघा, बाप परत द्यायला आला म्हणजे पोराने घेतलंच असणार.

चौदा वर्षं मी ही तक्रार सांभाळली. मी चाकणला शेड घेतली, तो दापोडीतच दुसऱ्या गल्लीत एकटा काम करत राहिला. माझं एकच म्हणणं होतं. त्याने केलं नसेल तर त्याने तसं बोलावं. मी पहिलं तोंड उघडणार नाही.

मुलगी येऊन गेली त्याच महिन्यात भोसरीचा तो शेडवाला वारला आणि त्याच्या मुलांनी शेड विकायला काढली. मशीन, हत्यारं, जुना माल, सगळं एकगठ्ठा. असा माल मी सोडत नाही. मी गेलो, नाक मुरडलं, गंज दाखवला, मुलांना आधी बोलायला लावलं आणि मला हवा तसा सौदा करून सगळं उचललं. पाच-सहा खोकी शेडमध्ये आणून उपसायला बसलो. तिसऱ्या खोक्यात, तेलकट फडक्यात गुंडाळलेला आमचा कॅम निघाला.

त्याच्यावर लाल ऑइलपेंटची फुली होती. बाद मालाची. फुलीशेजारी लाल रंगातच मराठी नऊचा आकडा होता. अक्षर माझं होतं. भाई बाद नगांना कधी नंबर घालत नसे. कापायच्या वस्तूला नंबर कशाला. तो नंबर मी घातला होता, आणि कधी घातला होता ते मला तिथे खोक्यांच्या मध्ये बसल्याबसल्या आठवलं.

ती लॉट बाद झाली त्याच आठवड्यात भाई बहिणीच्या लग्नासाठी चार दिवस गेला होता. कोपऱ्यात बाद कॅमचा ढीग होता. भंगारवाला आला. मी त्या ढिगाला नंबर घातले, म्हणजे मोजायला वाद नको, आणि त्याला म्हटलं, तुकडे नाहीत बरं का, अख्खा माल आहे, हात लावून बघ. अख्खा आहे या एका मुद्द्यावर मी त्याला भावात वर चढवत नेलं. त्या दिवशी मी स्वतःवर खूष होतो. भाई परत आला, रिकामा कोपरा बघून म्हणाला, कोणी कापले? मी फोनवर होतो. मी हात हलवला.

भंगारवाल्याकडून एक नग भोसरीला गेला. कड चांगली होतीच, भोकाची चूक कोणीही दुरुस्त करील. ती कड मीच माझ्या हाताने विकली होती.

मी तो कॅम टेबलाच्या खणात ठेवला आणि पंधरा दिवस खण उघडला नाही. मनात दुसरीच भांडणं सुरू झाली. ठीक आहे, नग माझ्याकडून गेला. पण मग त्याची स्कूटर तिथे कशाला होती? आणि नव्हती त्याची चूक तर चौदा वर्षांत एक वाक्य का नाही बोलला? माझ्यासारखा माणूस हरायला लागला, की आधी समोरच्याच्या मालात खोट शोधतो.

पाटी तयार झाली होती. मी ती टेम्पोत घालून मोशीला नेली आणि शाळेच्या व्हरांड्यात बसवून दिली. मुलांनी लिहिलेले फरक दोन्ही अंगांना चिकटवलेले होते. लांडग्याच्या पोटाला पिशवी, बुलबुल घरटं करतो. लांडगा रात्री हिंडायचा, बुलबुल पहाटे गातो. लांडग्याचा आवाज कोणालाच माहीत नाही, बुलबुलाचा सगळ्यांना माहीत आहे पण कोणी ऐकत नाही. हे शेवटचं एका मुलीचं होतं. पाटी नीट फिरते का ते बघायला मी ती बोटाने ढकलत होतो. एकदा लांडगा, एकदा बुलबुल. बुलबुल खरोखरच द्राक्षं खातो. मी स्वतः पाहिलंय, थाळ्या वाजवल्या आहेत. तरी तो आजही माझ्या पाइपवर बसून ओरडतो. कारण त्याच्या डोक्यावर कोणी बक्षीस लावलं नाही, आणि लावलं असतं तर इतकी पाखरं मारणार कोण. लांडग्याच्या बाजूला निदान शंका तरी होती, आणि तो मात्र संपला. दोघांमध्ये गुण-अवगुणांचा फरक मला काही सापडला नाही. सापडला तो दोन महिन्यांचा. कायदा जरा लवकर झाला असता, तर मुलांना कदाचित आवाजही लिहिता आला असता.

मुलगी बाजूला उभी होती. तिने विचारलं, कुठे निघालात? मी म्हटलं, दापोडीला.

गल्ली तीच होती, रेल्वेच्या भिंतीला लागून. भाई लेथवरचा चुरा ब्रशने गोळा करत होता. दाढी पांढरी झाली होती, चष्मा दोरीने गळ्यात. त्याने मान वर केली.

"वाट चुकलास का, शेठ?"

मी खिशातून कॅम काढून लेथवर ठेवला. त्याने हात लावला नाही. चष्माही चढवला नाही.

"नऊ नंबर," तो म्हणाला. "फेकला नव्हता भोसरीवाल्याने?"

म्हणजे त्याला माहीत होतं. मी स्टुलावर बसलो आणि त्याने ते थोडक्यात सांगितलं. भोसरीचा कॅम बाजारात आल्यावर त्यालाही माझ्यासारखीच झोप लागेना. तो माल बघायचा म्हणून त्या शेडवाल्याकडे गेला. टेबलावर हा नग पडला होता, माझ्या अक्षरासकट. तो मला हे एकट्याला गाठून सांगणार होता. गाळ्यावर आला तर मी आधीच सुरू झालो होतो.

"मग बोलला का नाहीस?" मी ओरडलो. "तिथल्या तिथे बोलायचंस. एक वाक्य. चौदा वर्षं, भाई!"

तो हसला. "हे बघ. माफी मागायला आला आणि मलाच झापतोय."

मग तो म्हणाला, "तुझी पाच माणसं उभी होती, गिऱ्हाईक बसलं होतं. मी सांगितलं असतं, की शेठनेच माल अख्खा विकला, तर दुसऱ्या दिवशी तुझं कोणी ऐकलं असतं? मला वाटलं, थंड झाला की स्वतः येईल. आठ दिवस वाट बघितली. मग अब्बा तुझ्याकडे जाऊन आले. त्यानंतर मला काही सांगावंसं वाटलं नाही."

मी म्हटलं, माझी चूक झाली. चोर म्हणालो तो शब्द मी मागे घेतो. हे वाक्य मी मोशीपासून घोकत आलो होतो आणि ते फार छोटं निघालं.

भाईने कॅम उचलला, कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा ठेवला. "मला नको होतं ते," तो म्हणाला. "मला माझं माहीत होतं. अब्बांना सांगायला हवं होतं."

त्याचे वडील रिटायर झाल्यावर रोज सकाळी स्टेशनजवळच्या टपरीवर कारखान्यातल्या जुन्या दोस्तांबरोबर बसायचे. माझ्याकडे येऊन गेल्यानंतर त्यांनी ते बसणं सोडलं. कोणी काही म्हणालं नव्हतं. पण माझे कामगार त्याच भागातले, गोष्ट पोचली होती. मुलाला त्यांनी एकदाच विचारलं, त्याने नाही म्हणून सांगितलं, त्यांनी विश्वासही ठेवला. तरी टपरीवर गेले नाहीत. तीन वर्षांनी वारले. भाईने हे सगळं चुऱ्याच्या डब्याकडे बघत सांगितलं. मला तेव्हा कळलं, की मी जे मागे घ्यायला आलो होतो ते घेणारा माणूस उरलाच नव्हता, आणि आता मी किती का वर चढेना, सौदा करायला समोर कोणी नव्हतं.

मी विचारलं, आता मी काय करू? आयुष्यात मी हा प्रश्न समोरच्याला विचारल्याचं मला आठवत नाही.

त्याने चुऱ्याचा डबा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "अम्मी आहे. तिला सांग. पण तिला कमी ऐकू येतं. मोठ्याने बोलावं लागेल."

देहूरोडला त्याचं घर एका अरुंद गल्लीत आहे. भिंतीला भिंत, समोरासमोर दारं, आणि दुपारी चारच्या सुमाराला सगळी उघडी. बायका उंबऱ्यावर बसलेल्या, कोणी निवडत होतं, कोणी वेणी घालत होतं. भाईची आई दारातल्या बाजेवर पाय पसरून पावट्याच्या शेंगा सोलत होती. ती मूळची मावळातल्या खेड्यातली, बोलणंही तिकडचंच. भाईने तिच्या कानाशी जाऊन माझं नाव सांगितलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि शेंगा सोलत राहिली. बस म्हणाली नाही.

मी उभाच होतो. समोरच्या दारातल्या दोघी हातातलं काम थांबवून बघत होत्या. मी घसा साफ केला आणि म्हटलं, "अम्मा, तेव्हा जरा गैरसमज झाला होता."

"आं?" ती म्हणाली. "काय म्हंतो ह्यो? मला न्हाई ऐकू आलं."

मी पुढे सरकलो, आवाज चढवला. "त्या वेळी मी रागात बोललो. तुमच्या मुलाने तसं काही केलं नव्हतं."

"मोठ्यानं बोल की. काय केलं नव्हतं?"

शेजारच्या घरातून एक म्हातारा काठी टेकत दाराशी आला. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर दुरुस्त करणारा मेकॅनिक उठून उभा राहिला. भाई भिंतीला टेकून खाली बघत होता. मला पळून जावंसं वाटलं. माझा आवाज मोठा आहे, पण तो आजवर मी दुसऱ्याला खाली ओढायलाच वापरला होता.

"तुमच्या मुलाने चोरी केली नव्हती," मी ओरडलो. "माल मी विकला होता. मी त्याला सगळ्यांसमोर चोर म्हणालो ते खोटं होतं. त्याचे अब्बा माझ्या दारात आले तेव्हा मी त्यांना बसा म्हटलं नाही. चूक माझी होती."

म्हातारीने हातातली शेंग फोडली, दाणे ताटात टाकले, टरफल बाजूला ठेवलं. समोरच्या दोघींकडे, काठीवाल्या म्हाताऱ्याकडे, मेकॅनिककडे तिने एकेकदा नजर फिरवली. मग माझ्याकडे बघितलं.

"पयल्या बारीलाच ऐकू आलं व्हतं मला," ती म्हणाली, आणि बाजेवरचे पाय थोडे आखडून घेतले, एका माणसाला बसता येईल इतके.